चेक इंजिनचा दिवा लागला तर: कोड आधी लिहून घ्या, मग पुसा

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीवाला गॅरेजवर येऊन एकच सांगतो, "शेठ, तेवढी लाइट घालवून द्या." आमचं गॅरेज भांडुपला, एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत. येणाऱ्या गाड्या बहुतेक सीएनजीवरच्या, वॅगनआर, अर्टिगा, डिझायर. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा बुडतो, म्हणून ही घाई मला समजते. पण लाइट घालवायला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांत गाडीने बिघाडाबद्दल टिपून ठेवलेली माहिती, म्हणजे कोड आणि त्यासोबतची नोंद, पुसली जाते. मग खरा दोष शोधायला दिवस जातात आणि मधल्या काळात नको ते पार्ट बदलून होतात. हे मी रोज बघतो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं काम गाडीमालकाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करता येतं.

आधी दिवा कसा लागलाय ते बघा. पिवळा आणि स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरायचं कारण नाही, सावकाश घरी न्या. पिवळाच आहे पण लुकलुकतोय, तर इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळतच नाही. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा हा वेगळा विषय आहे. तिथे कोड वाचणारा स्कॅनर शोधत बसू नका, इंजिन लगेच बंद करा.

सामान फार लागत नाही. ईएलएम ३२७ नावाने मिळणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. बाजारात आहेत त्या जवळपास सगळ्या नकला आहेत, त्यामुळे परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि आल्या दिवशी गाडीला लावून बघा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्यावा लागतो. ॲप म्हणून टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्ही चांगली आहेत. मुंबईत बीएस-४ (धुराच्या नियमांचा एक टप्पा) गाड्या २०१० पासून विकल्या जाऊ लागल्या आणि एप्रिल २०१३ पासून त्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाडाचे कोड ठेवायची आणि वाचायची ठरावीक पद्धत, लागू झाली. म्हणजे त्यानंतरची गाडी असेल तर हा स्कॅनर तिच्याशी बोलेल असं धरून चाला. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट तसंच दिसतं, पण स्वस्त स्कॅनर जोडला जाईलच असं नाही.

सॉकेट १६ पिनांचं असतं, स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर. काही गाड्यांत ते फ्यूजबॉक्सच्या झाकणाआड असतं. चावी बंद ठेवून स्कॅनर बसवा. तो तिरका जात नाही, जोर लावू नका. मग चावी ऑनला आणा, स्टार्टर मारू नका. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबा. फोनच्या ब्लूटूथमध्ये जोडणी करताना पिन मागेल, तो बहुतेक वेळा १२३४ किंवा ०००० असतो. स्कॅनरचा दिवाच लागला नाही, तर आधी सिगारेट लायटरचा फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटला तिथूनच वीज येते, आणि स्वस्त मोबाइल चार्जरने तो फ्यूज उडालेला असतो.

आता कोड वाचा. ॲपमध्ये तीन प्रकारचे कोड दिसू शकतात. स्टोअर्ड म्हणजे पक्का झालेला, ज्याच्यामुळे दिवा लागला. पेंडिंग म्हणजे गाडीला संशय आलाय, पण अजून खात्री झालेली नाही. तिसरा पर्मनंट, तो काही गाड्यांतच असतो आणि स्कॅनरने पुसता येत नाही. बिघाड गेल्याची गाडीची स्वतःची खात्री पटली की तो आपोआप जातो. तिन्हींचे स्क्रीनशॉट घ्या. नंतर फ्रीझ फ्रेम उघडा, बरेच जण इथपर्यंत येतच नाहीत. कोड पक्का झाला त्या क्षणी आरपीएम किती होता, गाडीचा वेग किती, इंजिन किती तापलेलं होतं, लोड किती होता, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याचाही स्क्रीनशॉट घ्या, आणि त्या वेळी गाडी पेट्रोलवर होती की सीएनजीवर हे आठवून खाली लिहा, कारण ते गाडी लिहीत नाही. पुसण्याचं बटण दाबलं की फ्रीझ फ्रेमही जाते. एवढं झाल्याशिवाय त्या बटणाकडे बोट नेऊ नका.

कोड असा वाचायचा. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-चेसिस, बी म्हणजे बॉडी, त्यात एअरबॅगही आली, आणि यू म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटचं आपसातलं बोलणं तुटलं. अक्षरानंतर ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांचा एकच, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. त्याच्या पुढचा आकडा विभाग सांगतो. १ आणि २ इंधन-हवेचे, ३ इग्निशन आणि मिसिंगचा, ४ धूर साफ करणाऱ्या यंत्रणेचा, ५ वेग आणि आयडलचा (गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल), ६ कंप्युटरचा, ७ आणि ८ गिअरबॉक्सचे. स्वस्त ॲप बहुधा फक्त पी वाचतं. एबीएसची किंवा एअरबॅगची लाइट लागलेली असताना त्याने 'एकही कोड नाही' दाखवलं, तर त्यावर विसंबू नका.

आता मुद्द्याचं. कोड तक्रार कुठून आली ते सांगतो, कुठला पार्ट विकत घ्यायचा ते सांगत नाही. 'ऑक्सिजन सेन्सर सर्किट' वाचून लोक सेन्सर मागवतात आणि दोष निघतो कपलरमध्ये (वायरच्या प्लास्टिकच्या जोडात), अर्थिंगमध्ये किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये. म्हणून पार्टला हात लावण्याआधी एक छोटी चाचणी करायची. तीन चाचण्या सांगतो, तिघींना मिळून दहाचा पाना, प्लगचा पाना, वायरचा तुकडा आणि एक मीटर एवढंच लागतं.

पहिली, मिसिंगची. समजा पी०३०३ आला. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तीन नंबर मिस होतोय. पी०३०० असेल तर कुठला एक सांगता येत नाही, अनेक मिस होतायत. गाडी सीएनजीची असेल तर सगळ्यात आधी स्विच पेट्रोलवर टाका आणि चालवून बघा. पेट्रोलवर मिसिंग गेलं तर दोष गॅसच्या बाजूला, म्हणजे गॅसचा इंजेक्टर, फिल्टर किंवा रेग्युलेटर. फक्त पेट्रोलवरच मिस होत असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर न वापरल्यामुळे चिकटलाय. टुरिस्ट गाड्यांत हे नेहमीचं, कारण महिनोन्महिने पेट्रोल वापरलंच जात नाही. रोज सकाळी सुरुवातीचे थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवा असं मी सगळ्यांना सांगतो. दोन्हींवर मिस होत असेल तर प्लग, किंवा त्याला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल.

आता कॉइल. चावी बंद, इंजिन थंड होऊ द्या. तीन नंबरच्या कॉइलचं कपलर लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. दहाच्या पान्याने बोल्ट काढा, कॉइल जरा फिरवत सरळ वर ओढा. तिच्यावर मार्करने खूण करा. तशीच एक नंबरची काढा आणि दोघींची अदलाबदल करा. बहुतेक आडव्या इंजिनांत बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर असतो. कोड लिहून ठेवलेला आहेच, तो आता पुसा आणि गाडी चालवा. पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर कॉइल चांगली आहे, तीच अदलाबदल प्लगची करा. प्लगही सरकवून कोड तिथेच राहिला तर मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन, आणि ते काम गॅरेजचं. सीएनजीवर ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे या गाड्यांचे प्लग आणि कॉइल लवकर थकतात. प्लग काढलाच आहे तर त्याच्या टोकांमधला गॅपही मोजा.

दुसरी चाचणी, उणे चाळीसची. समजा पी०११८ आलाय, रेडिएटरचा पंखा सतत फिरतोय, एसी मधूनच बंद पडतोय. ॲपमध्ये लाइव्ह डेटा उघडा आणि कूलंटचं तापमान बघा. भांडुपमध्ये मे महिन्याची दुपार आणि स्क्रीनवर उणे ४०! हा आकडा दिसला की समजायचं, सेन्सरचं सर्किट कुठेतरी तुटलंय. आता प्रश्न एवढाच, की सेन्सर आतून गेला की वायर तुटली. सेन्सर दोन पिनांचा असेल तरच पुढचं करा. कपलर काढा. वायरिंगकडच्या कपलरच्या दोन्ही पिना वायरच्या बारीक तुकड्याने एकमेकींना जोडा आणि चावी ऑन करून स्क्रीन बघा. आकडा एकदम शंभराच्या बराच वर गेला, तर वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) दोन्ही ठीक, काहीशे रुपयांचा सेन्सर बदला. आकडा उणे चाळीसलाच राहिला, तर वायर किंवा पिन तुटलीय, नवा सेन्सर घेऊन काही होणार नाही. तीन पिनांच्या सेन्सरला हे अजिबात करू नका, तिथे पाच व्होल्टची सप्लाय थेट अर्थला जाऊ शकते.

मुलुंडहून एक ताई हाच कोड घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना ईसीएम बदलायला सांगितलं होतं, हजारोंचा खर्च. पिना जोडल्या, आकडा हलला नाही. वायरिंगवरून हात फिरवत गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली उंदराने वायर कुरतडलेली. वरची टेप जागच्या जागी, आतलं तांबं दोन ठिकाणी तुटलेलं. सोल्डर केलं, हीट श्रिंक स्लीव्ह चढवली, झालं. वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत जातं आणि तोच कोड परत येतो. पार्किंगमध्ये गाडी चार-पाच दिवस उभी असेल तर दिवा लागल्यावर आधी बॉनेट उघडून लेंड्या आणि स्पंजचे तुकडे दिसतात का ते बघा, स्कॅनर नंतर.

तिसरी चाचणी बॅटरीची. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम आले, त्यात यू ने सुरू होणारे असले किंवा पी०५६२ असला, तर एकेक कोडच्या मागे लागू नका. मीटर लावा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवेत. बॅटरीची टर्मिनलं सैल किंवा पांढरी झालेली असतील, इंजिनाची अर्थची पट्टी गंजलेली असेल, तर ते नीट करा. अर्धे कोड त्यानेच जातात.

पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांचे कोड त्याच दिवशी येतात असं नाही. पिनेवर हिरवा थर चढायला वेळ लागतो. कपलर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, मग परत बसवा. आणि पाण्यात गाडी बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विषय कोडचा राहत नाही.

पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. एअर फिल्टरचा डबा नीट बसलाय का, त्याच्या पुढचा रबरी पाइप कुठे फाटलाय का, हे आधी बघा. लाइव्ह डेटामध्ये लाँग टर्म फ्यूल ट्रिम (इंजिन स्वतःहून इंधन किती वाढवतं-घटवतं तो आकडा) दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, वीसच्या पुढे असेल तर दोष खरा आहे. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत हा कोड गॅसची सेटिंग बिघडल्यामुळे फार येतो, ते काम किटवाल्याकडून लॅपटॉप लावून करून घ्यावं लागतं.

पी०४२० आला की सायलेन्सरवाला लगेच कन्व्हर्टर बदला म्हणतो. थांबा. मिसिंगचा कोड बरोबर असेल तर आधी मिसिंग काढा. सायलेन्सरच्या जोडावर काळा धूर लागलाय का, तिथून फटफट आवाज येतो का, ते बघा. गळतीमुळेही हा कोड येतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. जुनी गाडी नुकतीच घेतली असेल आणि हा कोड जात नसेल, तर आत मूळ कन्व्हर्टर आहे की रिकामा डबा, हे गाडी रॅम्पवर चढवून तपासा.

बीएस-६ डिझेलला एक कोड असा आहे जो पुसून काहीच मिळत नाही. पी२४६३, म्हणजे डीपीएफमध्ये, धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचलीय. दादर-अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये रोज सरपटणाऱ्या डिझेल गाडीला ती काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळतच नाही. फक्त डीपीएफचा पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर गाडी पहाटे नाशिक हायवेला काढा आणि गाडीच्या पुस्तकात दिलंय त्या वेगाने, साधारण वीसएक मिनिटं न थांबता चालवा. दिवा लुकलुकायला लागला किंवा पिकअप पडला तर सरळ सर्व्हिस सेंटर. कोड पुसत चालवत राहिलात तर फिल्टर इतका चोंदतो की पुढे तो बदलावाच लागतो.

दुरुस्ती झाली की आता पुसायचं. चावी ऑन, इंजिन बंद, ॲपमध्ये क्लिअर किंवा इरेज दाबा, हो म्हणा, दहा-पंधरा सेकंद थांबा. चावी बंद करा, पुन्हा ऑन करून कोड परत वाचा. दिवा चावी ऑनला लागतो आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो, तेच बरोबर. चावी ऑनला तो लागतच नसेल, तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा वर टेप चिकटवलीय. बॅटरीची निगेटिव्ह काढून कोड घालवायची जुनी पद्धत आताच्या गाड्यांना वापरू नका. घड्याळ, पॉवर विंडो, आयडलची सेटिंग सगळं विस्कटतं. एअरबॅगचा कोड घरी पुसूच नका, त्या वायरिंगला मीटरही लावू नका.

पुसल्यावर पहिले काही किलोमीटर आयडल जरा वरखाली होईल, कारण इंजिनाने शिकलेले फ्यूल ट्रिमचे आकडेही शून्य झालेले असतात. गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना ॲपमध्ये रेडिनेस किंवा मॉनिटर म्हणतात, त्याही 'अपूर्ण' दिसतील. त्या पूर्ण व्हायला गाडी रात्रभर थंड झालेली हवी, मग सकाळी थोडं ट्रॅफिक, थोडं सलग ६०-७० च्या वेगाने. आमच्याकडची गाडी मी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला पहाटे ठाण्यापर्यंत नेऊन आणायला सांगतो. एक-दोन दिवसांनी पेंडिंग कोड पुन्हा वाचा. दिवा लागायच्या आधी तिथे खबर लागते. आणि घाई नसेल तर पुसलंच पाहिजे असंही नाही. दोष खरोखर गेला असेल तर साधारण लागोपाठ तीन वेळा गाडी नीट चालल्यावर दिवा आपण होऊन विझतो. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा, लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी खातो.

जुनी गाडी बघायला जाताना हाच स्कॅनर खिशात घाला. विकणारा गाडी दाखवायच्या आधी कोड पुसून ठेवू शकतो, पण ते पुसणं लपत नाही. ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असा एक आकडा बहुतेक गाड्यांत मिळतो. तो चार किलोमीटर दाखवत असेल आणि मॉनिटर अपूर्ण असतील, तर विचारा, "भाऊ, कोड कशाला पुसला, आधी काय होता?" बॅटरी बदलली असंही उत्तर मिळेल, ते खरं असू शकतं, बॅटरीवरची तारीख बघा. समाधान झालं नाही तर सांगा, की गाडी दोन-चार दिवस नेहमीसारखी चालवा, मी परत येऊन वाचतो, आणि तोवर टोकन देऊ नका.